७० कन्या : एका अंधुक ताऱ्याविषयीचे गैरसमज

मौजे निरवांगी, तालुका इंदापूर, हे गाव सुमारे १८ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे, चैत्री अमावास्येच्या आसपास मध्यरात्रीच्या सुमारास स्वातीच्या पश्चिमेस बारा-तेरा अंशांवर असलेला '७० कन्या' हा तारा तेथे माथ्यापासून अवघ्या चार-पाच अंशांवर येतो. परंतु त्याची तेजाची प्रत (आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक) जेमतेम ५ असल्याने, दिव्यांच्या उजेडापासून दूर जाऊन डोळे अंधाराला पुरते सरावल्यावाचून तो दृष्टीस पडत नाही.

अंधुक तारा तो लहान, हा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः हा तारा व्यासाने सूर्याच्या जवळजवळ दुप्पट व तेजाने सुमारे तिप्पट असून त्याचे अंधुकपण सर्वस्वी अंतरामुळे आहे. त्याच्या प्रकाशाला येथवर येण्यास ५८ वर्षांच्या आसपास लागतात. अंतराची खातरजमा झाल्यावाचून तेजाचा निर्णय करता येत नाही, याचा दाखला प्रत्यक्ष तज्ज्ञांनाच या ताऱ्याने दिला. १९९६ साली जेफ्री मार्सी व पॉल बटलर यांनी त्याच्याभोवती सुमारे ११७ दिवसांत प्रदक्षिणा करणारा, गुरूहून कितीतरी जड असा ग्रह असल्याचे जाहीर केले, तेव्हा तेथील उष्णतामानात पाणी द्रवरूपात राहू शकेल असे अनुमान निघाले. पुढे हिपार्कस उपग्रहाच्या मोजणीत तारा अधिक दूर, अर्थातच अधिक तेजस्वी ठरला, आणि ते अनुमान रद्द झाले.

'तारा मुख्य श्रेणी सोडतो' असे वाचून तो आकाशातील आपली जागा सोडतो, असेही कित्येकांस वाटते. ही श्रेणी म्हणजे हर्टझ्‌स्प्रंग व रसेल यांनी मांडलेल्या, ताऱ्यांचे तेज व पृष्ठतापमान दाखविणाऱ्या आलेखातील एक पट्टा होय; तारा ती सोडतो म्हणजे तेज व तापमान बदलल्याने आलेखातील त्याचा बिंदू या पट्ट्याबाहेर सरकतो.

सर्वांत खोल रुजलेला समज असा, की इंधन संपताच तारा विझू लागतो. गाभ्यातील हायड्रोजनाचे हेलियम होऊन तेथील शिल्लक खलास झाली, की गाभा स्वतःच्याच भाराने आकुंचन पावून अधिक तापतो, त्याला वेढणाऱ्या कवचात हायड्रोजनाचे ज्वलन चालू राहते, आणि बाहेरचे थर फुगत जातात. पृष्ठभाग निवतो खरा, परंतु त्याचे क्षेत्रफळ इतके वाढते की एकंदर तेज घटत नाही, आणि पुढे राक्षसी अवस्थेत तर ते शेकडो पटींनी वाढते. सूर्याहून किंचित जड आणि सुमारे ८०० कोटी वर्षे वयाचा ७० कन्या या स्थित्यंतराच्या प्रारंभी आहे.

अखेरीस त्याचा स्फोट होईल, ही भीतीही निराधार आहे. त्यासाठी सूर्याच्या सुमारे आठपट वस्तुमान लागते. हा तारा आपली बाह्य आवरणे अवकाशात सोडून देईल आणि मागे त्याचा उघडा पडलेला गाभा, म्हणजेच श्वेतबटू, उरेल.