वरच्या मजल्यावर बिनतारी आंतरजाल

युडायस प्लसवरील माहिती भरणे, दीक्षावरील पाठ पाहून दुसऱ्या दिवसाची तयारी करणे, वरिष्ठांच्या पत्रांची उत्तरे पाठविणे ही कामे आता प्राथमिक शिक्षकाच्या नित्यक्रमात येऊन बसली आहेत. शाळेची वेळ अध्यापनासाठी राहावी म्हणून पुष्कळ शिक्षक ही कामे रात्री घरी उरकतात. आपल्या भागात तार व राऊटर बहुधा खालच्या सोप्यात असतो आणि लिहिण्या-वाचण्याची खोली माडीवर असते. निम्मी माहिती भरून होते आणि पडद्यावरचे चक्र गरगरत राहते.

प्रस्तुत लेखकाच्या घरी हा अनुभव जरा कडवट होता. 2020 साली शाळा बंद झाल्या, तेव्हा कन्या दहावीत होती. माडीवरच्या तिच्या खोलीत लहरी पोचत नसत, आणि खाली घरातल्या माणसांची वर्दळ. अखेर जिन्याच्या सातव्या पायरीवर बसून तिने कित्येक महिने वर्ग ऐकले. तीच पायरी का, याचा विचार मी त्या वेळी केला नाही. उलट बाजारातून एक पुनःप्रक्षेपक, म्हणजे ज्याला आपण रिपीटर म्हणतो ते यंत्र, आणून थेट तिच्या खोलीत लावले. त्याचा दिवा लागला. उपयोग काही झाला नाही. चूक यंत्राची नव्हती, माझीच होती. ती कशी, हे समजण्यासाठी थोडे शास्त्र पाहणे अवश्य आहे.

वायफाय म्हणजे रेडिओलहरीच होत. सांगलीचे आकाशवाणी केंद्र 1963 साली सुरू झाले. त्याची मध्यम लहर 1251 किलोहर्ट्झची, म्हणजे सुमारे 240 मीटर लांबीची होती. वायफायच्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या वापरात आहेत, 2.4 गिगाहर्ट्झच्या व 5 गिगाहर्ट्झच्या. सेकंदाला 30 कोटी मीटर या प्रकाशवेगास 240 कोटींनी भागले, की पहिलीची लांबी साडेबारा सेंटिमीटर येते. दुसरीची सुमारे 6 सेंटिमीटर. (सातवीच्या वर्गात हा भागाकार फळ्यावर अवश्य करून पाहावा.) आकाशवाणीचे प्रक्षेपण कित्येक किलोवॅट शक्तीचे असते, तर घरातील राऊटरची शक्ती एका वॅटच्या दहाव्या भागाच्या आसपास. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेतही तिचा जोर एकचतुर्थांश उरतो. त्यात मध्ये भिंत आली तर पुढे काय होणार, हे सांगणे नको.

भिंत भिंतीसारखी नसते. पातळ विटांच्या भिंतीतून लहर थोडी क्षीण होऊन पलीकडे जाते. जुन्या वाड्यांच्या काळ्या दगडी भिंती दोन-दोन हात रुंद असतात. त्यांतून फार थोडी निघते. सिमेंटच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळयांची जाळी असते, ती लहरींना परतवते, आणि काँक्रीटमधील ओलावा त्यांना शोषून घेतो. पत्रा, लोखंडी कपाट, मोठा आरसा व पाण्याची टाकी ही सारी अडथळ्याची स्थाने होत. लहर जितकी आखूड, तितकी ती भिंतीत लवकर जिरते; म्हणून 5 गिगाहर्ट्झची लहर वेगवान असली तरी त्याच खोलीत शोभते, आणि मजला ओलांडण्यास 2.4 चीच बरी. आता सातव्या पायरीचे कोडे सुटते. जिन्याच्या जागी स्लॅब नसतो. खालच्या लहरी त्या पोकळीतून वर चढतात.

यावरून पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. राऊटर कोपऱ्यात, दूरदर्शनसंचाच्या मागे किंवा कपाटात असेल, तर तेथून काढून जिन्याजवळ, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवावा. त्याच्या काड्या उभ्या असल्या की लहरी मुख्यतः आडव्या, त्याच मजल्यावर पसरतात. दोन काड्या असल्यास एक आडवी करावी, म्हणजे वरच्या बाजूसही काही वाटा जातो. पुष्कळ घरांत एवढ्यावरच भागते. सांगलीकरांना यात आणखी एक लाभ आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात ज्यांच्या तळमजल्यात कृष्णेचे पाणी शिरले, त्यांना उंचावर ठेवलेल्या यंत्राचे मोल सांगावे लागणार नाही.

एवढ्याने न भागल्यास पुनःप्रक्षेपक आणावा, परंतु तो जेथे लहरी पोचत नाहीत तेथे लावू नये. जे त्याला ऐकू येते तेच तो पुढे सांगतो. ऐकूच आले नाही तर सांगणार काय? त्याची जागा मधली, म्हणजे जिन्याच्या वळणावर. त्यातही साधे यंत्र एकाच लहरीवर ऐकते व बोलते, त्यामुळे वेग सुमारे निम्मा होतो. पत्रे भरण्यास तो पुरतो, चलच्चित्र पाहताना मात्र अडखळतो. हल्ली मेश नावाचे संच मिळतात. त्यांतील दोन-तीन पेट्या एकाच नावाने काम करतात व वर-खाली जाताना मोबाइल आपोआप जवळच्या पेटीस जोडला जातो. सोय चांगली, किंमत मात्र अधिक; आणि त्यांनाही मधली जागाच लागते.

माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग जुनाच आहे. तार ओढावी. कॅट सहा जातीची तार 100 मीटरपर्यंत चालते, म्हणजे कोणत्याही घरास पुरून उरते. दूरदर्शनच्या केबलसाठी केलेल्या भोकातून ती माडीवर न्यावी व तेथे दुसरा राऊटर जोडावा. घरात पडून असलेला जुना राऊटरही चालतो. मात्र तीन गोष्टी कराव्यात. तार त्याच्या लॅन खोबणीत लावावी, इंटरनेटच्या खोबणीत नव्हे. त्याचे पत्ते वाटण्याचे काम, ज्यास डीएचसीपी म्हणतात, ते बंद करावे. कारण एका घरात दोघे पत्ते वाटू लागले की गोंधळ उडतो. आणि पहिल्याचा स्वतःचा पत्ता 192.168.1.1 असेल तर दुसऱ्यास 192.168.1.2 द्यावा. दोघांचे नाव व परवलीचा शब्द एकच ठेवावा. 2.4 च्या लहरीवर 1, 6 व 11 हे मार्ग एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून खाली 1 असेल तर वर 6 किंवा 11 निवडावा.

दुमजली शाळेत कार्यालय खाली व संगणकाचा वर्ग वर असेल, तर हेच सारे लागू पडते. फक्त दोन वेगळ्या इमारतींमध्ये तांब्याची तार उघड्यावरून नेऊ नये. वळवाच्या विजा आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कडाडतात, आणि तीच तार वीज आत आणते. तेथे प्रकाशतंतूची तार घ्यावी.

आमच्या घरी ही तार 2021 च्या दिवाळीत ओढली. कन्या तेव्हा अकरावीस गेली होती. पायरी मोकळी झाली, आता तेथे वर्तमानपत्रांची रद्दी असते.