नाक, भूक आणि कष्ट

हंगामात सभासदांच्या घरी आमचे जाणे-येणे होते. तिथे एक तक्रार हमखास ऐकू येते. म्हातारा ताट सरकवतो आणि म्हणतो, "कशाला चवच नाही." सुनेला वाटते, माझ्या हाताला नावं ठेवतायत. खरे तर दोष पुष्कळदा नाकाचा असतो.

पटत नसेल तर घरीच करून बघा. नाक घट्ट दाबून गुळाचा खडा तोंडात टाका. नुसते गोड लागेल. आता नाक सोडा, लगेच गूळ कळेल. आपल्या पांढऱ्या साखरेला वासच नाही, म्हणून तिच्यात हा फरक पडत नाही. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. (तिखट ही चव नव्हे, ती आग!) बाकीची सारी लज्जत घशामागून नाकात चढणाऱ्या वासाची.

फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटते, तसा जठरातही पाचक रस सुटू लागतो. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने कुत्र्यांवर प्रयोग करून हे दाखवले. पचनावरील कामाबद्दल त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र एकच वास फार वेळ घेतला की त्या पदार्थावरची वासना उडते. चुलीपुढे तास काढलेली बाई दोन घासांत उठते, ती यामुळेच. तिला थोड्या वेळाने आग्रह करून वाढायला हवे. किती घरांत वाढतात?

कष्टाचेही थोडे सांगतो. २००१ साली अमेरिकेत ४० खेळाडूंना पेपरमिंटचा वास देऊन पाहिले. धावण्याचा वेग, मुठीची पकड आणि जोरांची संख्या वाढली. बास्केटबॉलचा नेम मात्र होता तसाच राहिला. वासाने स्नायू काही वाढत नाहीत, हुरूप येत असावा. म्हणून ऊसतोडीच्या फडात पेपरमिंट वाटा, असे आमचे म्हणणे नाही. तिथे आधी प्यायला पाणी आणि टेकायला सावली हवी.

आता पुन्हा म्हाताऱ्याकडे. साठीनंतर वास हळूहळू कमी होतो, इतका हळू की ज्याचा त्यालाही पत्ता लागत नाही. २०२० च्या कोरोना साथीत तर तरुणांचाही वास गेला होता. चव येईना म्हणून माणूस वरून मीठ घेतो आणि रक्तदाब वाढवून बसतो. त्याऐवजी जेवण गरम वाढा, गरम अन्नाचा वास जास्त सुटतो. वर कोथिंबीर, लिंबू, लसणीची फोडणी द्या. वास एकाएकी गेला असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. घरातल्या वडीलधाऱ्यांना डोळे मिटून हिंग ओळखायला सांगा. ओळखता आला नाही, तर गॅसची गळती आणि नासलेले दूधही त्यांना कळणार नाही. शेगडीचे बटण रात्री दुसऱ्या कोणीतरी बघावे.