'सलाम बॉम्बे'चा चायपाव पुढे रिक्षा चालवू लागला : लेकराला शूटिंगला पाठवण्याआधी एवढं वाचा

मागच्या महिन्यात शाळा सुटल्यावर एक पालक भेटायला आले. मुलगा सातवीत, माझ्याच वर्गात. औशात छोटं किराणा दुकान आहे, माणूस कष्टाळू. म्हणाले, "सर, पंधरा दिवसांची सुट्टी पाहिजे. ह्याला मुंबईला न्यायचंय. ऑडिशन आहे."

मुलगा गुणी आहे, ते मलाही माहीत आहे. नकला अशा करतो की हसून पोट दुखतं. त्याच्या रील्सना लाईकही भरपूर यायलेत. कुणीतरी फोनवर सांगितलं की पोराचा चेहरा चांगला आहे, फोटो काढण्याचे पंचवीस हजार भरा, पुढचं आम्ही बघतो. अब्बांनी पैशाची जुळवाजुळव सुरू केली होती. वर मला म्हणाले, "सर, लातूरला क्लासची फी भरायची ती एवढीच की. चाललं तर पोराची जिंदगी बनेल."

मी लगेच नाही म्हटलं नाही. बसवून घेतलं आणि शफीक सय्यद यांची गोष्ट सांगितली. ती सगळ्याच पालकांना माहीत असावी म्हणून इथे लिहितोय.

चर्चगेटच्या फुटपाथवरून राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत

1988 साली मीरा नायर यांचा 'सलाम बॉम्बे' आला. नाना पाटेकर आणि रघुवीर यादव त्यात होते, पण सिनेमा पेलला होता एका पोराने. त्याचं नाव कृष्णा, सगळे त्याला 'चायपाव' म्हणतात. घरातून हाकललेला हा पोरगा सर्कशीत कामाला लागतो. एक दिवस सामान आणायला जातो आणि परत येतो तर सर्कस निघून गेलेली. मग तो मुंबई गाठतो, चहा पोचवतो आणि घरी परत जाण्यासाठी 500 रुपये जमवायला लागतो. ते पैसेही त्याच्या हातात राहत नाहीत.

चायपावचं काम केलं होतं शफीक सय्यद या मुलाने. तो खराच रस्त्यावरचा होता. बंगळूरच्या गरीब वस्तीतला, घरातून पळून मुंबईला आलेला आणि चर्चगेट स्टेशनच्या आसपास राहणारा. मीरा नायर यांना शिकवून तयार केलेला अभिनय नको होता, रस्त्यावरचीच मुलं पाहिजे होती. त्यांनी अशा मुलांसाठी कार्यशाळा घेतली. रोजचे 20 रुपये आणि दुपारी खायला वडापाव. शफीक यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं की बरोबरची काही मुलं फसवणूक असेल म्हणून पळून गेली, हे मात्र थांबले, कारण पोटात भूक होती.

पुढचं सगळं स्वप्नासारखं घडलं. सिनेमाला कान महोत्सवात 'कॅमेरा दोर' हा पुरस्कार मिळाला. ऑस्करच्या शेवटच्या पाच परदेशी भाषांतल्या सिनेमांत तो पोचला. 'मदर इंडिया'नंतर तिथे पोचलेला हा दुसराच भारतीय सिनेमा. आणि शफीक यांना उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फुटपाथवर झोपणाऱ्या मुलाच्या हातात देशाचा पुरस्कार!

मग काय झालं?

मग काम मिळालं नाही. गौतम घोष यांच्या 'पतंग'मध्ये एक भूमिका मिळाली, तेवढीच. स्टुडिओचे उंबरठे झिजवूनही दारं उघडली नाहीत. शेवटी 1990 च्या दशकात शफीक बंगळूरला परत गेले आणि रिक्षा चालवू लागले. लग्न झालं, मुलंबाळं झाली. मधल्या काळात कन्नड मालिकांच्या युनिटमध्ये पडद्यामागची कामंही केली. 2009 साली 'स्लमडॉग मिलेनियर'चा बोलबाला झाला, तेव्हा पत्रकारांना त्यांची आठवण आली आणि लोकांना कळलं की 'सलाम बॉम्बे'चा हिरो रिक्षा चालवतो. त्यांनी आपल्या आयुष्यावर स्वतःच एक कथाही लिहून ठेवली, 'सलाम बॉम्बे'नंतर काय घडलं त्याची.

एक गोष्ट साफ सांगतो. रिक्षा चालवण्यात कमीपणा काहीच नाही. आपल्या औशात, लातुरात कितीतरी घरं रिक्षावर उभी आहेत. मेहनतीची रोजी आहे ती, आणि शफीक यांनी त्यावर घर चालवलं. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पुरस्कार घेतला तेव्हा तो मुलगा शाळेत नव्हता, आणि पुरस्कारानंतरही त्याच्यासमोर निवडायला दोन वाटा नव्हत्या.

मीरा नायर यांनी मुलांना वाऱ्यावर सोडलं असं म्हणणंही बरोबर नाही. या सिनेमाच्या पैशातूनच 1988 मध्ये 'सलाम बालक ट्रस्ट' उभा राहिला. दिल्ली-मुंबईत रस्त्यावरच्या मुलांसाठी तो आजही काम करतो. पण ज्या मुलाला एकदा टाळ्यांची सवय लागली, त्याला परत वहीसमोर बसवणं सोपं नसतं. हे मी वर्गात रोज बघतो. एक रील चालली की पुढचे आठ दिवस पोराचं लक्ष फळ्यावर नसतं.

काम बंद का पडतं?

पालकांना वाटतं, एकदा चेहरा दिसला की काम येतच राहणार. बालकलाकाराच्या बाबतीत तसं क्वचित होतं, आणि त्याचं कारण साधं आहे. दिग्दर्शकाला दहा वर्षांचा पोरगा पाहिजे असतो. दोन वर्षांत त्याचा आवाज फुटतो, उंची वाढते, मिसरूड येते. आता तो लहानही नाही आणि हिरोही नाही. तेवढ्यात दुसरा दहा वर्षांचा पोरगा आलेला असतो. यात मुलाची काही चूक नाही, पण मुलाला वाटतं आपणच कमी पडलो.

या मधल्या पाच-सात वर्षांत मुलाच्या हातात दुसरं काय आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं. महेश कोठारे यांचं उदाहरण घ्या. 'छोटा जवान' आणि 'राजा और रंक'मधला तो बालकलाकार सगळ्या महाराष्ट्राला माहीत होता. पण त्यांनी शिक्षण सोडलं नाही. कायद्याची पदवी घेतली, काही काळ वकिली केली. मग 1985 साली 'धूमधडाका' काढून दिग्दर्शक म्हणून परत आले. सिनेमा चालला नसता तरी काळा कोट घरात होताच. त्यांच्या घरी आधार होता आणि शफीक यांच्याकडे घरच नव्हतं, ही गोष्ट विसरून दोघांची तुलना करता येणार नाही. पण शाळेने किती फरक पडतो, तेवढं यातून दिसतं.

काहीजण आपल्या मर्जीनेही बाहेर पडतात. 'दंगल'च्या जायरा वसीमने 2019 मध्ये दीनचं कारण सांगून सिनेमा सोडला. तो तिचा स्वतःचा निर्णय होता. लहान मुलाला मात्र असं निवडायला मिळत नाही. त्याच्या वतीने आपण ठरवत असतो.

वीस वर्षांनी थोडं बदललं

'स्लमडॉग मिलेनियर'मध्ये छोट्या सलीमचं काम करणारा अझहरुद्दीन आणि छोटी लतिका झालेली रुबिना, दोघंही वांद्र्याच्या गरीब नगर वस्तीतले. फेब्रुवारी 2009 मध्ये सिनेमाला आठ ऑस्कर मिळाले, ही मुलं अमेरिकेला जाऊन आली. त्याच वर्षी मे महिन्यात महापालिकेच्या कारवाईत अझहरुद्दीनची झोपडी पाडली गेली. जगभर बातम्या झाल्या.

या वेळी दिग्दर्शक डॅनी बॉयल आणि निर्मात्यांनी मुलांसाठी ट्रस्ट केला होता. शिक्षण आणि घर यासाठी पैसे बाजूला ठेवले. रक्कम एकदम हातात द्यायची नाही, आधी शाळा पूर्ण करायची, अशी त्याची रचना होती. मुलाची कमाई मुलासाठी राखून ठेवायची, हाच विचार पुढे आपल्या देशाच्या नियमांतही दिसतो.

कायदा काय सांगतो?

2016 साली बालमजुरी कायद्यात दुरुस्ती झाली. 14 वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला मनाई आहे, पण सिनेमा, मालिका, जाहिरात यांत कलाकार म्हणून काम करायला अटींवर परवानगी आहे. सर्कशीला मात्र या सवलतीतून वगळलंय. म्हणजे चायपाव सिनेमात जे करत होता, ते आज सरळ बेकायदा आहे. 2017 च्या नियमांतल्या मुख्य अटी अशा :

- दिवसात 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही.
- सलग 27 दिवसांपेक्षा जास्त काम नाही.
- निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे कलेक्टर साहेबांची परवानगी घ्यायची. अर्जासोबत सहभागी मुलांची यादी आणि पालकांची संमती द्यायची.
- मुलांची सुरक्षा आणि देखभाल यासाठी जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा.
- मुलाची शाळा बुडू नये याची सोय करायची.
- मुलाच्या कमाईतले किमान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावावर मुदत ठेव म्हणून भरायचे. एक लाख मिळाले तर निदान 20 हजार मुलाचे. ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतील.
- मुलाच्या मनाविरुद्ध त्याला काम करायला लावायचं नाही.

शेवटची अट आपण सगळ्यांत जास्त विसरतो. घरात मोबाईलवर रील काढताना तास कोण मोजतं? "अजून एकदा कर, नीट हस," असं दहादा म्हणताना पोराचा चेहरा उतरलेला आपल्याला दिसत नाही. तिथे कलेक्टर येणार नाहीत. तिथली जिम्मेदारी अम्मी-अब्बांचीच.

कुणी बोलावलं तर काय विचारायचं?

'फॅन्ड्री'चा जब्या, सोमनाथ अवघडे, सोलापूर जिल्ह्यातला. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यामुळे खेड्यातल्या पोराला संधी मिळतच नाही, असं मी म्हणणार नाही. पण पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. सिनेमाचं किंवा मालिकेचं नाव काय, निर्माता कोण? परवानगीचा कागद कुठे आहे? मुलाच्या नावाची ठेव कोणत्या बँकेत होणार? शाळेचं काय? आणि एक साधी गोष्ट लक्षात ठेवा : जो काम देतो, तो मजुरी देतो. आधी तुमच्याकडूनच पैसे मागणाऱ्याचा धंदा सिनेमाचा असेलच असं नाही.

त्या पालकांनी हे प्रश्न एका कागदावर लिहून घेतले आणि माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, आधी फी भरा, मग सगळं सांगतो. परवानगीचं विचारल्यावर फोन कट झाला. नंतर उचललाच नाही.

मुलगा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याच्या दृष्टीने मीच त्याची मुंबई हिसकावली होती. स्नेहसंमेलनाच्या नाटकात मी त्याला मुख्य काम दिलंय, पण राग अजून पूर्ण गेलेला नाही. जाईल, इन्शाअल्लाह. त्याचा हुनर खरा आहे, तो कुठे जात नाही. दहावी झाल्यावर, बारावी झाल्यावर त्याला हीच वाट धरावीशी वाटली, तर मुंबईच्या गाडीत बसवायला मी स्वतः लातूर स्टेशनवर जाईन. तोपर्यंत सकाळी साडेदहाला तो माझ्या वर्गात पाहिजे.