विश्लेषण : महाकाय पक्षी, देवमासा आणि १७०० सालचा भूकंप… दंतकथेमागची रात्र कशी सापडली?

थंडरबर्ड हा महाकाय पक्षी देवमाशाला नखांत पकडतो, झुंज होते, जमीन हादरते आणि समुद्र चढून येतो. अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मूलनिवासी जमाती ही कथा पिढ्यानपिढ्या सांगत आल्या आहेत. तिच्यात खऱ्या आपत्तीची आठवण असावी, असे आता मानले जाते.

कथा काय सांगतात?

जमातीनुसार तपशील बदलतो. माकाह लोकांच्या आठवणीत पाणी आधी ओसरते, मग इतके चढते की होड्या झाडांवर अडकतात. व्हँकुव्हर बेटावरील हू-आय-आट जमातीची कथा तर थेट आहे. रात्री जमीन हलली, पाचेना उपसागराकाठची वस्ती वाहून गेली, उंचावर राहणारे वाचले.

पुरावा कसा मिळाला?

१९८०च्या दशकात भूगर्भशास्त्रज्ञ ब्रायन ॲटवॉटर यांना वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर गाडली गेलेली जुनी दलदल आढळली. तिच्यावर त्सुनामीने आणलेल्या वाळूचा थर होता. म्हणजे किनारा अचानक खचला होता. खारे पाणी शिरून मेलेली सीडरची झाडे तिथे आजही उभी आहेत. त्यांच्या मुळांतील वाढीचे शेवटचे वलय १६९९चे निघाले.

नेमकी वेळ मिळाली ती थेट जपानमध्ये! जानेवारी १७००मध्ये तिथे त्सुनामी आल्याची नोंद आहे, पण आधी भूकंप जाणवल्याची नाही. म्हणून ती ‘अनाथ त्सुनामी’. केन्जी साताके आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये लाटेच्या प्रवासाचा उलटा हिशेब मांडला. उत्तर आले : २६ जानेवारी १७००, रात्री नऊच्या सुमारास. तीव्रता ९च्या आसपास. हू-आय-आट कथेतही रात्रच आहे.

अर्थात, थंडरबर्डच्या प्रत्येक कथेत भूकंप शोधण्याची घाई नको. अनेक कथांचा या रात्रीशी काहीही संबंध नाही.

आज धोका किती?

इथे समुद्राखालचा हुआन दे फुका भूपट्ट उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाखाली सरकतो. सुमारे १,००० किलोमीटरच्या या कॅस्केडिया पट्ट्यात ताण पुन्हा साठत आहे. मात्र, १७००च्या भूकंपाची स्थानिक लेखी नोंद नसल्याने इथे एवढा मोठा धक्का बसू शकतो का, यावरच १९८०च्या दशकापर्यंत शास्त्रज्ञांत मतभेद होते. तोवर सिॲटल, पोर्टलंडसारखी शहरे वाढून बसली होती. थंडरबर्डची कथा सांगणाऱ्या क्विल्यूट जमातीने २०२२मध्ये किनाऱ्यालगतची आपली शाळा उंच जागी हलवली.