आजीचा आवाज माळ्यावर

दिवाळीची झाडलोट निघाली की पनवेलच्या घरांतून माळ्यावरची एखादी बोलकी पेटी खाली येतेच. रेडिओ, कॅसेट आणि सीडी, तिन्ही एकाच कडीला धरून उचलता येणारी! ती भंगारवाल्याला देण्यापूर्वी वाचकांनी थोडे थांबावे. सीडीवरची गाणी दुसरीकडे मिळतील. आजीने कॅसेटवर म्हटलेली ओवी मिळायची नाही.

फिलिप्सने ही कॅसेट आणली १९६३ साली. तिची फीत सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर सरकते. आवाज राहतो तो फितीवरच्या चुंबकी कणांत. आपला कोकणचा पावसाळा तिचा वैरी! फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर कॅसेट लावूच नका, जाणकाराकडे न्या.

पेटीत विसरलेले सेल आधी काढा. ते पाझरून स्प्रिंगा खातात. मग कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड हलकेच पुसा, वाळू द्या. पहिली कॅसेट मात्र सिनेमाची लावावी, आजीची नव्हे! आतला रबरी पट्टा सैल झाला असला तर फीत चाकात गुरफटते. कॅसेटच्या कडेची दोन चिमुकली पाती मोडून टाका, म्हणजे नातवाने चुकून रेकॉर्डचे बटण दाबले तरी ते लागत नाही.

रेडिओचे सोपे आहे. एफएमसाठी दांडी ओढा. मध्यम लहरींसाठी पेटीच फिरवा, कारण ती अँटेना पोटात असते.

आता हेडफोनच्या भोकातून तार घेऊन संगणकावर नक्कल उतरवा. आवाज तारेतून जातो, त्यामुळे घरात फटाके वाजत असले तरी चालेल.