कनकापूरचा तह आणि इंग्लंडची सनद

जबलपूरहून बोलतोय. इंग्लंडचा राजा जॉन आणि त्याचे बंडखोर सरदार ही गोष्ट आपण शाळेत ‘मॅग्ना कार्टा, १२१५’ एवढ्यावर उरकली. आज ती घरच्या एका गोष्टीशेजारी ठेवून बघू. थोरले माधवराव पेशवे आणि नागपूरकर जानोजी भोसले यांच्या भांडणाची.

भोसल्यांना ‘सेनासाहेबसुभा’ हे पद साताऱ्याच्या छत्रपतींनी दिलेलं. पेशवेही छत्रपतींचेच नोकर. मग एका नोकराने दुसऱ्याचा हुकूम का मानावा? जानोजींना सरसकट बंडखोर म्हणायला म्हणूनच माझी जीभ रेटत नाही. अर्थात त्यांचं वागणंही सरळ नव्हतं. १७६३ मध्ये ते निजामाला मिळाले, पुणं लुटलं-जाळलं गेलं. त्याच वर्षी मुलूख पदरात पाडून ते परत पेशव्यांकडे आले. पुढे राघोबादादांच्या बंडात त्यांनी दादांची बाजू घेतली. १७६८ मध्ये धोडपला दादांचा पाडाव झाल्यावर माधवरावांनी मोर्चा नागपूरकडे वळवला.

ही मोहीम फौजी माणसाने नकाशा पसरून वाचावी. पेशव्यांनी नागपूर लुटलं, चांद्याला वेढा घातला. जानोजी समोर येईचनात! गनिमी कावा, तोही मराठ्याने मराठ्यावर. बगल देऊन ते थेट पुण्याच्या रोखाने निघाले. पुणेकर चीजवस्तू बाहेर हलवू लागले आणि माधवरावांना त्यांच्या मागावर फौज धाडावी लागली. राजधानी जिंकली, पण शत्रूची फौज शाबूत; याला जिंकणं म्हणत नाहीत.

शेवटी १७६९ मध्ये कनकापूरला तह झाला. भोसल्यांनी दरसाल पाच लाख एक रुपया द्यावा, बोलावताच फौजेनिशी हजर व्हावं, पेशव्यांच्या परवानगीशिवाय फौज वाढवू नये, इंग्रज-निजामाशी परस्पर बोलणी करू नयेत. पेशव्यांनीही आपली फौज नेहमीची वाट सोडून भोसल्यांच्या मुलखातून नेऊ नये. कलमं चोख होती. पण ती पाळली जातात का हे बघणारं तिसरं कुणी नव्हतं. साताऱ्याची गादी तेव्हा नावापुरतीच उरली होती.

इंग्लंडच्या सनदेत ती सोय होती. राजाने शब्द मोडला तर त्याचे किल्ले जप्त करायचा अधिकार पंचवीस सरदारांना दिलेला. जॉनने पोपकडून सनद त्याच वर्षी रद्द करवली, युद्ध पेटलं, आणि १२१६ मध्ये तो मेला. गादीवर नऊ वर्षांचा हेन्री. त्याच्या पालकांनी पंचवीस जणांचं कलम गाळलं, पण सनद त्याच्या नावाने पुन्हा काढली. १२२५ मध्ये ती परत निघाली, कराच्या बदल्यात. पैसा हवा असला की राजाला सनद आठवायची. याच हेन्रीला १२६४ मध्ये सिमॉन द माँटफर्टने लढाईत पकडलं. पुढच्या वर्षी सिमॉन मारला गेला. माणसं गेली, कागद राहिला.

आपल्याकडे १७७२ मध्ये जानोजीही गेले आणि माधवरावही. १७७३ मध्ये पुण्यात नारायणरावांचा खून झाला. १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत मुधोजी भोसल्यांच्या हातून सावत्र भाऊ साबाजी मारला गेला. तहाची आठवण कुणाला राहणार?

अठराव्या शतकाच्या अखेरीस आमचं जबलपूर भोसल्यांकडे आलं. ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशवे खडकीला इंग्रजांशी लढले, २६ नोव्हेंबरला भोसल्यांची फौज सीताबर्डीला, आणि डिसेंबरात जबलपूर पडलं. शत्रू एकच, पण प्रत्येक जण आपापल्या जागी एकटा लढला. जबलपूरच्या लढाईचं पुढच्या भागात बोलू.