मोरपिसांच्या टोपाखालचा माणूस

मार्लवाईचे कनका राजू २५ ऑक्टोबर २०२४ रोजी गेले तेव्हा दिवाळी आठवड्यावर आली होती. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या कोमरम भीम आसिफाबादमधल्या जैनूर मंडलातलं हे गाव. तेलंगणा सरकारने त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला. २०२१ची पद्मश्री त्यांच्या नावावर होती, आणि गोंडांचा गुसाडी नाच दिल्लीपर्यंत नेणारा माणूस म्हणून सगळा जिल्हा त्यांना ओळखत होता. श्रद्धांजलीच्या भाषणांत आणि मोबाइलवर फिरलेल्या चित्रफितींखाली एकच सूर होता, राजूंनी गुसाडी जगवली. ऐकायला हे बरं वाटतं, माणसाचा मान राखणारंही आहे. पण ते खरं नाही, आणि ते खरं मानलं तर राजूंनी प्रत्यक्षात जे केलं ते नजरेआड होतं. गुसाडी मरणपंथाला लागली नव्हती. राजू नसते तरी उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर, जैनूरच्या गोंड गावांत दर दिवाळीला ढोल वाजलाच असता. राजूंनी या नाचाला एक दुसरं आयुष्य दिलं. त्यात तो शिकवता येतो, परक्यांसमोर करता येतो, आणि नाचणाऱ्याला स्वतःचं नाव असू शकतं. त्यांचं मोठेपण मोजायचं तर या दुसऱ्या आयुष्याचा हिशेब मांडावा लागतो. तो सगळाच जमेचा नाही.

आधी पहिलं आयुष्य पाहू. दंडारी हा दिवाळीच्या आगेमागे चालणारा गोंडांचा सण. गावातली पोरं आणि बाप्ये मिळून एक मेळ बांधतात आणि पायी किंवा गाडीने दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात. तिथे मुक्काम पडतो, जेवणावळ होते, रात्रभर नाचगाणं चालतं, सोयरिकीच्या गोष्टीही निघतात. पुढच्या वेळी यजमान गाव परतीच्या भेटीला येतं. या मेळातले काही जण गुसाडी होतात. मोरपिसांचा भला मोठा टोप, त्यात कधी खोवलेली शिंगं, खोटी दाढी-मिशी, उघड्या अंगाला राख आणि त्यावर ठिपके, खांद्यावर कातडं, गळ्यात माळा, हातात रोकल नावाचा आखूड दंड. त्या दिवसांत त्यांच्या अंगात देवाचा वास असतो अशी श्रद्धा आहे. म्हणून ते अंघोळ करत नाहीत, आणि त्यांच्या स्पर्शाने दुखणं बरं होतं असं लोक मानतात. पण हाच देव पोराटोरांच्या अंगावर धावून जातो, चावट बोलतो, माणसांना दचकवतो आणि हसवतो. सोबत पोरीक असतात, म्हणजे बाईचा वेश घेतलेली पोरं. शेवटी कोलाबोडीच्या दिवशी मोहाच्या झाडाखाली नैवेद्य होतो, टोप उतरतात, अंघोळी होतात आणि देव झालेला माणूस पुन्हा शेताच्या कामाला लागतो. टोप, दाढी आणि राख यांच्याखाली कोण आहे हे गावाला माहीत असतं, पण त्याचं नाव घेण्याचं कारण कुणालाच नसतं.

अशा नाचातून एखादा ‘तारा’ निघणं हीच मुळात विसंगत गोष्ट आहे. लोककलावंत गेला की आपण त्याला कसं आठवतो ते पाहा. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, पण त्यांच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ बसलेलाच असतो. गाणारा कुणीही असो, सही दादांची. तेलंगणाचा खरा रॉकस्टार म्हणावा असा गदर ६ ऑगस्ट २०२३ला गेला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेला गाणी शोधावी लागली नाहीत. खांद्यावरचं घोंगडं, हातातली काठी आणि पायातल्या घुंगरांसकट गदर लोकांच्या डोळ्यांसमोर होता. नंदी हा सरकारी चित्रपट पुरस्कार नाकारणाऱ्या या माणसाचं नाव आता तेलंगणा सरकारच्या चित्रपट पुरस्कारांना मिळालं आहे, हा नियतीचा विनोद त्यालाही आवडला असता. एल्व्हिस गेला, लेनन गेला, तरी त्यांची रेकॉर्ड लावता येते. कनका राजूंचं मात्र स्वतःचं असं गाणं नाही, चाल नाही, रचना नाही. गुसाडीची प्रत्येक गिरकी त्यांच्या आधी कुणीतरी घेतलेली होती. मग त्यांचे चाहते नेमकं काय आठवतात? माझ्या मते ते एक पद्धत आठवतात. परंपरेने आलेलं शरीराचं ज्ञान राजूंनी सुटं केलं, क्रमाने मांडलं आणि गावाबाहेरच्या पोरांच्या अंगात उतरवलं, ती पद्धत.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, इंदिरा गांधी पंतप्रधान असताना, राजूंनी दिल्लीत गुसाडी सादर केली. तिथून पुढे आदिवासी विकास यंत्रणेच्या, लोक ज्याला सरळ ‘आयटीडीए’ म्हणतात तिच्या, कार्यक्रमांतून आणि सरकारी सोहळ्यांतून हा नाच दिसू लागला, आणि राजू शिकवणारे झाले. यात अवघड काय होतं ते नाच न शिकलेल्या माणसाच्या लगेच लक्षात येत नाही. गावात गुसाडी शिकवली जात नाही. मूल चार-पाच वर्षांचं असल्यापासून मेळाच्या मागे पळतं आणि पंधराव्या वर्षी त्याच्या पायात ती असते. वेळेचं बंधन नसतं, कारण रात्र मोठी असते. रंगमंचावर मोजकी मिनिटं मिळतात, प्रेक्षक एकाच बाजूला बसलेले असतात, आणि नाचणारी पोरं आश्रमशाळेतली, वेगवेगळ्या गावांची, एकमेकांच्या सवयी न जाणणारी. गोल रिंगणाची रांग करायची, डोक्यावरचा जड टोप ढळू न देता गुडघे मोडून मान झटकायची, ढोलाच्या कोणत्या ठोक्यावर वळायचं ते सर्वांनी एकदम धरायचं. हे सारं कुणीतरी आधी स्वतःशी उलगडून बघितल्याशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. नाच येणारे गोंड हजारो असतील. आपल्याला काय येतं ते दुसऱ्याला टप्प्याटप्प्याने दाखवू शकणारा मात्र विरळा.

हा माणूस मार्लवाईत निपजला हा निव्वळ योगायोग नसावा. १९४०मध्ये जोडेघाटच्या डोंगरात निजामाविरुद्ध लढणारे गोंड नेते कोमरम भीम मारले गेल्यानंतर निजाम सरकारला आपल्या आदिवासी मुलखाकडे लक्ष द्यावं लागलं. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ इथे आले, आणि १९४३मध्ये मार्लवाईत गोंड शिक्षक घडवण्याचं केंद्र सुरू झालं. गोंडी वाचनपाठ तयार झाले ते देवनागरीत, कारण या भागातल्या लिहित्या गोंडांना मराठीची ओळख होती. हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेट्टी यांच्या समाध्या आजही मार्लवाईत आहेत. थोडक्यात, आपलं ज्ञान पुस्तकात आणि वर्गात नेता येतं ही कल्पना या गावात राजूंच्या लहानपणापासून हिंडत होती. त्या केंद्राने भाषेचं केलं तेच राजूंनी पायांचं केलं, असं म्हटलं तर फार ताणल्यासारखं होऊ नये.

आता आक्षेप. पहिला गावातूनच येतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. गुसाडी हा देव आहे, त्याला मांडवात, मंत्र्यासमोर, पाहुण्यांच्या स्वागताला नाचवायचं म्हणजे विटंबना. कोलाबोडीला उतरवायचा टोप वर्षभर कधीही चढवला तर सणाला उरतं काय? याला ‘कला सर्वांची असते’ असं गुळगुळीत उत्तर देऊन भागणार नाही. मंचावरच्या गुसाडीतून काही गोष्टी गेल्याच आहेत. पहिला गेला तो चावटपणा. सरकारी मंचावर गुसाडी प्रेक्षकांच्या अंगावर धावून जात नाही, कुणाची टर उडवत नाही. उरतो तो शिस्तीत डोलणारा, छायाचित्राला साजेसा मोर. हे नुकसान आहे आणि ते राजूंच्या खात्यावरही काही अंशी लिहावं लागेल. मंचामुळे सण मेला, असं मात्र दिसत नाही. दंडारी आजही पंचांगाप्रमाणे निघते, मेळ गोदाकाठच्या पद्मलपुरी काको या देवीच्या दर्शनाला जातात, मुक्कामाच्या रात्री होतातच. मंचावरचा नाच आणि सणातला नाच यांतला फरक गोंड माणसाला कळतो. तो कळत नाही आपल्याला, बाहेरच्यांना. गोंधळी रंगमंचावर संबळ वाजवतो म्हणून घरचा गोंधळ बंद पडला नाही. दोन्ही जागी संबळ तोच असतो, फक्त समोर देवीचा चौक आहे की तिकीट काढलेले लोक, हे वाजवणारा जाणतो.

दुसरा आक्षेप राजकीय आहे. २० एप्रिल १९८१ला इंद्रवेल्लीत जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा, लोक आणि नागरी हक्क संघटना त्याहून खूप मोठा आकडा सांगत आल्या आहेत. त्याच सुमारास गोंडांचा नाच राजधानीत कौतुकाने पाहिला जात होता. आदिवासीचा नाच हवा, त्याने जमीन मागितलेली नको, असा याचा सरळ अर्थ निघतो, आणि राजूंचं यश हे त्या सोयीस्कर कौतुकाचंच फळ, असं म्हणणारे आहेत. सत्तेच्या हेतूबद्दलचं त्यांचं म्हणणं मला मान्य आहे, नाचणाऱ्याच्या हेतूबद्दलचं नाही. इंद्रवेल्लीचा हुतात्मा स्तूप आणि मार्लवाईचा नर्तक यांत गोंड पोरांना निवड करावी लागत नाही. मिरवणुका मोर्चाच्या असोत वा जयंतीच्या, कोमरम भीमांच्या स्मृतिदिनाच्या असोत वा राज्य स्थापनेच्या, मोरपिसांचा टोप पुढे असतो. सरकारने जो वेश शोभेसाठी मागवला तोच समाजाने आपली ओळख म्हणून उचलला. असं होणार हे दिल्लीत टाळ्या वाजवणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल. एखादी खूण एकदा सगळ्यांना ओळखू येऊ लागली की ती कुणी कशासाठी वापरायची यावर तिच्या पुरस्कर्त्याचा ताबा राहत नाही.

तिसरा आक्षेप कुणी फारसा घेत नाही, मला मात्र तोच खरा वाटतो. एकट्या राजूंचं नाव झालं, मेळाचं काय? गुसाडी ही वाद्यांवर उभी आहे. मातीच्या घड्यावर कातडं ताणलेला गुमेला, ढोल, तुडुम, सनईच्या कुळातलं पेपरे, शिंगासारखं कालिकोम. दंडारी गावात शिरते तेव्हा आधी ऐकू येते आणि मग दिसते. पेपरे आणि तीन तारांची किकरी हा परधानांचा वारसा. गोंडांच्या वंशकथा, देवांच्या कथा वर्षानुवर्षं पाठ ठेवून त्या पूजेच्या वेळी गाण्याचं काम परधान आणि तोटी करत आले. केसलापूरला पुष्य अमावास्येला मेस्राम कुळाची नागोबाची जत्रा भरते तेव्हाही हे सूर लागतातच. पद्मश्री टोपाखालच्या माणसाला मिळाली, फुंकणाऱ्याला आणि ठोकणाऱ्याला नाही. यात राजूंचा दोष नाही. पुरस्काराच्या यादीत एकाच माणसाच्या नावाची ओळ असते, मेळाची नसते. पण चाहत्यांच्या आठवणीने तरी त्या यादीची नक्कल का करावी? गदरच्या आठवणी निघतात तेव्हा जन नाट्य मंडळीचं आणि तिथले सोबती वंगपंडू प्रसाद राव यांचं नाव आपोआप येतं. राजूंच्या आठवणींत त्यांच्यासाठी ढोल धरणाऱ्यांची नावं येत नाहीत. ती जिल्ह्यात अनेकांना तोंडपाठ आहेत, लिहून मात्र ठेवायला हवीत.

आणि इथे मराठी वाचकाचा संबंध येतो. आदिलाबादच्या परधानांची घरची बोली मराठी. गोंडीत कथा गाणारा परधान अंगणात बायकापोरांशी मराठीत बोलतो, हे हायमेनडॉर्फने नोंदवून ठेवलं आहे. दंडारीच्या गाण्यांतही गोंडीबरोबर मराठी ऐकू येते. १९५६पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार रेषा आखली गेली तेव्हा ते इकडे आले, उटनूर-जैनूर तिकडे राहिलं. किनवट-यवतमाळकडे याच नाचाला घुसाडी म्हणतात, आणि मार्लवाईचे कनका चंद्रपुरात कनाके असतात. तरीही राजू गेल्याची बातमी पैनगंगेच्या अलीकडे किती पोहोचली? तेलुगू वर्तमानपत्रांनी त्यांना पहिलं पान दिलं असेल, पण आपल्याकडे ‘तेलंगणातला आदिवासी नर्तक’ यापलीकडे त्यांची ओळख झाली नाही. विदर्भातली दंडार आपण नाट्यप्रकार म्हणून अभ्यासतो, तिच्यावर प्रबंध लिहितो, आणि तिच्या सख्ख्या बहिणीला परराज्यातली म्हणून सोडून देतो.

राजूंनी तयार केलेली पोरं आता स्वतः शिकवू लागली आहेत. त्यातले काही मोबाइलवर टिपलेला राजूंचा नाच पुन्हा पुन्हा लावून पाय बसवतात, काही थेट मेळात जाऊन म्हाताऱ्यांकडून घेतात. पहिल्या प्रकारात ठोका पक्का होतो, दुसऱ्यात चावटपणा परत येतो. या दोन शाळांमध्ये भांडण होणार हे उघड आहे, आणि व्हायलाही हवं. लग्नाच्या वरातीत डीजेवर गोंडी गाण्यांचे तुकडे वाजतात आणि चार हौशी पोरं कागदी पिसांचे टोप घालून नाचतात, त्यावर तर जुनी मंडळी आत्ताच चिडलेली आहेत. त्यांच्या चिडण्याला कारण आहे, पण पहिल्यांदा जेव्हा हा टोप सणाबाहेर, दिल्लीच्या उन्हात चढला, तेव्हाही मार्लवाईत कुणीतरी असंच चिडलं असणार.